उलटा पावा

१

पांढुर्ण्यात हातानं पत्र्याचं काम करणारी दोन-तीनच दुकानं उरली असतील, आणि त्यातलं सगळ्यात तापट दुकान देवीदासचं. गळकी कूलरची टाकी घेऊन गिऱ्हाईक आलं की आधी त्याला टाकी कशी वापरावी यावर दहा वाक्यं ऐकावी लागत. मग देवीदास नवसागर लावून असा डाग द्यायचा की पत्रा फाटेल, पण सांधा सुटणार नाही. लोक त्याचं बोलणं ऐकून घेत आणि काम झालं की निमूट निघून जात.

दुकानाच्या मागं घर होतं. दुकानातून आत गेलं की मधली खोली, पत्र्याच्या गुंडाळ्या आणि मोडक्या कोठ्यांनी भरलेली, बिनखिडकीची. तिच्या पलीकडं मायची खोली. मायला, म्हणजे वच्छलाबाईला, ऐंशी वर्षं झाली होती आणि दमा होता. तिच्या छातीतली घरघर मधली खोली ओलांडून दुकानापर्यंत यायची. देवीदासला तिची इतकी सवय झाली होती की ती थांबली तरच त्याचं लक्ष जायचं.

पोळा चार दिवसांवर होता तेव्हा सौंसरचे अभिजीत सर मोटारसायकलवर आले. ते शाळेत विज्ञान शिकवायचे आणि उरलेल्या वेळात जुन्या वस्तू गोळा करायचे. त्यांचे दोन कंदील देवीदासनं पूर्वी झाळून दिले होते. या वेळी त्यांनी फडक्यातून एक पत्र्याचा पावा काढला. वीतभर नळी, वर सहा भोकं, तोंडाशी लाकडाची खुंटी ठोकलेली. रामाकोन्याच्या भंगारवाल्याकडं एका डब्यात सापडला म्हणाले. जुनी वाद्यं जमवणाऱ्यांचा मोबाइलवर एक गट होता, त्यात फोटो टाकून तीन आठवडे झाले होते. कोणी इंग्लंडचा म्हणत होतं, कोणी शंभर वर्षं जुना, पण असा पावा पूर्वी पाहिला असं सांगणारा एकही नव्हता. कोणी केला, कधी केला, एवढंच त्यांना हवं होतं.

देवीदासनं पावा उजेडात धरला. पत्रा गोल वळवताना प्रत्येक कारागीर उजवी कड वर घेतो. ह्या पाव्याची डावी कड वर होती. आणि सांधा संपतो तिथं डागाचा एक बारीक थेंब मुद्दाम सोडलेला होता. असं काम करणारा एकच माणूस त्यानं जन्मात पाहिला होता. तो डावखुरा होता, त्याचं नाव भिवाजी, आणि तो देवीदासचा बाप होता.

"विलायती हाय," देवीदास म्हणाला. "छोट्या रेल्वेच्या टायमाचा असंल एखाद्या साहेबाचा."

सरांचं समाधान झालं नाही. त्यांनी फडक्यानं पाव्याचं तोंड पुसलं. कितीही कोरडा केला तरी तोंडाशी ओला होतो, म्हणाले. मग त्यांनी फुंकून दाखवलं. नुसतं फुस्स झालं. बोटं बदलली तरी तेच.

"आता पाहा काका," ते म्हणाले, आणि त्यांनी तोच पावा ओठात धरून श्वास आत ओढला.

पावा वाजला. बारीक, सरळ, कापरा नसलेला सूर. जिथून हवा कापली जाते ती चीर उलट्या तोंडानं बसवलेली होती. हा पावा फुंकायचा नव्हताच.

आतली घरघर थांबली होती.

"कोण आलं रे?" मायनं विचारलं. आवाज मोकळा होता, मध्ये कुठंही दम न लागता आलेला.

देवीदासच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कोणावर, ते त्याला सांगता आलं नसतं. त्यानं सरांच्या हातातून पावा काढून घेतला, पत्रा तपासून सांगतो, दोन दिवस राहू द्या म्हणाला आणि त्यांना जवळजवळ ढकलूनच बाहेर काढलं. त्याला तो पावा एकदाचा चेचून टाकायचा होता.

२

अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी देवीदास नऊ वर्षांचा होता आणि त्याची बहीण सुचिता सहाची. सुचीला मायचाच दमा होता. श्वास सुटायचा, पण आत यायचा नाही. खांदे कानापर्यंत चढायचे. डॉक्टर म्हणाले, हिला खोल श्वास घ्यायची सवय लावा. सहा वर्षांच्या पोरीला अशी सवय कोण लावणार. मग भिवाजीनं तुपाच्या डब्याचा पत्रा कापला आणि आठ दिवस खपून हा पावा केला. आत ओढलं तरच वाजेल असा. सुची दिवसभर वाजवत बसायची, आणि वाजवता वाजवता तिचा श्वास सुधारला. माय त्या पाव्याला हळदकुंकू लावायची तेवढी बाकी राहिली होती.

देवीदासनंही बापाकडं पावा मागितला. बाप म्हणाला, तुझी छाती चांगली आहे, तुला कायले पाह्यजे. पुन्हा मागितला तेव्हा चापट मिळाली. एवढंच झालं होतं. इतक्या वर्षांनी त्याला ती चापट आठवली की अजून गाल तापायचा, आणि त्या आठवणीवर त्याला स्वतःचाच राग यायचा.

पोळ्याला इकडं दाराच्या दोन्ही बाजूंना पळसाच्या फांद्या लावतात, त्यांना मेढे म्हणतात. दुसऱ्या दिवशी पहाटे ते उपटून गल्लीतली सगळी माणसं शिवेबाहेर टाकायला नेतात. वाटेत एकजण रोगाचं नाव घेतो, खोकला म्हणतो, खरूज म्हणतो, ढेकूण म्हणतो, आणि बाकीचे रोगराई वाहून नेणाऱ्या मारबतीला ओरडून सांगतात, घेऊन जा गे मारबत. ओरडणारा काही ऐकत नसतो. नाव कोणतंही येवो, त्याला ते घालवायचंच असतं. माणसाचं नाव मात्र तिथं घ्यायचं नसतं. हे कोणी शिकवत नाही, घरातल्या पोरांना ते आपसूक माहीत असतं.

त्या वर्षी बाप मेढे घेऊन पुढं चालला होता. देवीदासच्या चड्डीच्या खिशात सुचीचा पावा होता. शिवेवर त्यानं तो फांद्यांच्या ढिगात फेकला आणि आपल्या नऊ वर्षांच्या सगळ्या रागानं ओरडला, "सुची!"

"घेऊन जा गे मारबत," सगळी गल्ली म्हणाली.

एकट्या बापानं मान वळवून पाहिलं.

पावा दिसेना तेव्हा मायनं घर डोक्यावर घेतलं. बाप म्हणाला, माझ्याच हातून मेढ्यांबरोबर गेला. तो शिवेवर जाऊन धुंडून आला, पण पावा मिळाला नाही. मग मधल्या खोलीत बसून त्यानं तीन दिवस, तीन रात्री नवे पावे केले. एकही आत ओढल्यावर वाजला नाही. चौथ्या दिवशी सकाळी सुची गेली.

त्यानंतर एकतीस वर्षं माय नवऱ्याशी एक शब्द बोलली नाही. ताट वाढायची, कपडे धुवायची, अंथरूण घालायची, आणि भिंतीशी बोलावं तसं पोराच्या तोंडून निरोप द्यायची. बापानं शेवटपर्यंत खरं सांगितलं नाही. देवीदासनंही नाही. आधी तो लहान होता, मग मोठा झाला, मग बाप मेला त्यालाही सतरा वर्षं झाली. आता ते सांगण्यात काय हशील, असं तो स्वतःला म्हणायचा आणि पुढच्या गिऱ्हाइकावर खेकसायचा.

३

सर गेल्यावर त्यानं पावा शिकंज्यात धरला आणि दांडा फिरवला.

पत्रा किंचित दबला. आत माय घुसमटली. आधी घरघर चढली, मग तीही बंद झाली आणि खाटेवर टाचा आपटल्याचा आवाज आला. त्याची बायको प्रतिभा ओरडत धावली. देवीदासनं दांडा उलटा फिरवला तशी मायनं मोठा श्वास घेतला, तो दुकानात ऐकू आला.

दुकानात ॲसिडचा वास असतो, धूळ असते. दम्याला तेवढं पुरतं. पोळ्याच्या हवेत दरवर्षीच तिला त्रास होतो. त्यानं हे सगळं मनात नीट मांडलं, एकेक कारण पटवून घेतलं. पुन्हा एकदा दांडा फिरवून खात्री करून घ्यावी असं काही त्याला वाटलं नाही. पावा त्यानं खिळ्यांच्या डब्यात टाकला, वर झाकण दाबलं आणि प्रतिभाला उगाचच बोलला.

दुसऱ्या दिवशी दुपारी अभिजीत सरांचा फोन आला. त्यांच्या गटातल्या एका म्हाताऱ्या माणसानं म्हणे ओळखलं होतं. वाद्य म्हणून हा पावा केलेलाच नाही, कोण्या आजारी माणसाला श्वास आत घेता यावा म्हणून केला आहे, असं त्याचं म्हणणं. सर भलतेच खूश होते.

"आणखी एक, काका. सांध्याच्या शेवटी तो थेंब हाय ना, तसाच थेंब तुम्ही झाळून दिलेल्या माह्या कंदिलावर हाय. तुम्ही कोणाजवळ शिकले?"

देवीदासनं कंदील कोणाचा, थेंब कसला, मास्तरकी सोडून दुसऱ्याच्या घरात कायले डोकावून राहिले, असं काहीबाही सुनावलं आणि फोन कापला. नंतर तो कितीतरी वेळ स्वतःच्या हाताकडं पाहत बसला. थेंब सोडायची सवय बापाची आहे, हे त्याला कधी जाणवलंही नव्हतं.

त्या वेळी मधल्या खोलीत कोणीतरी श्वास सोडला.

तो उठून पाहायला गेला. पत्र्याच्या गुंडाळ्या, कोठ्या, जुना कूलर. पत्रा उन्हानं तापतो, निवला की आवाज करतो. पण पत्रा टणटण वाजतो, असा लांब, थकलेला हुश्श करत नाही. तो दारात उभा राहिला. मायच्या खोलीतून तिचा श्वास आत गेल्याचं ऐकू आलं. मग इथं, कोठ्यांच्या मागं, तो सुटला. पुन्हा तिकडं आत गेला. पुन्हा इथं सुटला.

४

पोळ्याच्या दिवशी दुकान बंद होतं. दाराला मेढे लावले होते, पुरणाचा वास होता, आणि नदीकडून उद्याच्या गोटमारीच्या, दोन काठांवरच्या गावांमधल्या दगडफेकीच्या, तयारीचा गलका येत होता. देवीदास बैल पाहायला म्हणून बाहेर पडला होता. खरं म्हणजे त्याला घरात बसवत नव्हतं. संध्याकाळी परतला तेव्हा दारातूनच पावा ऐकू आला.

माय उशीला टेकून ताठ बसली होती. पावा ओठात होता. ती श्वास घेत होती आणि पावा वाजत होता, एकसारखा, संथ. चेहऱ्यावर रंग आला होता. प्रतिभा पदरानं डोळे पुसत हसत होती. आईंनी स्वतःच मागितला, म्हणाली, खिळ्यांच्या डब्यात आहे हेही त्यांनीच सांगितलं. सकाळपासून पंप नाही की वाफेचं मशीन नाही.

"सुचीचा हाय," माय पावा काढून म्हणाली. "तुह्या बापानं फेकला होता, आला पाह्य परत. तो मेला त चांगलं झालं. नाई त त्याले आता दाखवला असता."

तिनं तो पुन्हा ओठात धरला.

देवीदास खाटेशी बसला. सूर आला. मग शांतता. मग पुन्हा सूर. त्यानं मायच्या नाकाखाली बोट धरलं. सूर आला, गार हवा आत गेली. बाहेर काही आलं नाही. त्यानं दहा वेळा पाहिलं. मायची छाती भरायची आणि तशीच राहायची, आणि मग पुन्हा भरायची. तिच्या मानेच्या शिरा फुगल्या होत्या. डोळे किंचित पुढं आले होते, आणि ती आनंदानं त्याच्याकडं पाहत होती.

मधल्या खोलीत कोणीतरी तिच्यासाठी श्वास सोडत होतं. आता तो थकलेला नव्हता. लहान होता आणि घाईचा होता, खेळून आल्यावर असतो तसा.

त्यानं प्रतिभाला विचारलं, तुला ऐकू येते काय. ती म्हणाली, काय? त्यानं पावा ओढायला हात घातला तर मायनं दातात धरला, आणि तेवढ्यात तिचे ओठ निळे पडू लागले. त्यानं हात काढला. काढून घेतला तर माय मरते. राहू दिला तर माय फुटेपर्यंत भरत जाणार. बापानं आठ दिवस खपून केलेली वस्तू होती ती, आणि तीन दिवस, तीन रात्री खपूनही त्याला ती दुसरी जमली नव्हती.

देवीदास उठला आणि मधल्या खोलीच्या दारात गेला. भीती वाटायला हवी होती, पण त्याला आला तो राग. अठ्ठेचाळीस वर्षं तो भलत्याच माणसांवर काढत आला होता तोच राग.

"तिले कायले छळून राहिली?" तो अंधारात ओरडला. "तिनं काय केलं तुह्यं? बाबानं नाई फेकला. म्या फेकला. म्या तुह्यं नाव घेतलं. ज्याचं हाय त्याच्याकडं ये ना."

कोठ्यांच्या मागचा श्वास थांबला.

पाठीमागं पावाही थांबला. तो वळला. मायनं पावा मांडीवर ठेवला होता आणि ती साधा श्वास घेत होती, आत आणि बाहेर. घरघरही नव्हती. प्रतिभा भिंतीला टेकून उभी होती.

"काय म्हनलं?" मायनं विचारलं.

त्यानं सगळं सांगितलं. चापट, खिसा, शिव, आणि बापानं वळवलेली मान. सांगून झाल्यावर मायनं आपल्या हातांकडं पाहिलं. याच हातांनी तिनं एकतीस वर्षं न बोलता ताट वाढलं होतं.

"त्यानं आयकलं होतं," ती म्हणाली. "अन् म्या त्याले मरतानी पानी देल्लं, तेही तोंड फिरवून."

ती भिंतीकडं वळून झोपली. त्या रात्री घरात सगळ्यांचे श्वास जागच्या जागी होते. देवीदासनं ते अंथरुणात पडून मोजले, तीन माणसांचे तीन, आणि मग त्याला झोप लागली.

५

पहाटे माय त्याच्या आधी उठली होती. काठीशिवाय ती दारापर्यंत गेली होती, दोन्ही मेढे तिनं स्वतः उपटले होते आणि पळसाच्या पानांत पावा सुतळीनं गच्च बांधला होता.

"जाय," ती म्हणाली. "जसा तव्हा फेकला तसा फेकून ये."

तिनं त्याच्या गालावरून हात फिरवला, बरोबर त्या गालावरून. देवीदासला हुंदका आवरेना. सत्तावन्न वर्षांचा माणूस फांद्या घेऊन रडत गल्लीतून निघाला, आणि आपण हे आधीच का सांगितलं नाही असं त्याला पावलोपावली वाटत राहिलं. इतकं हलकं वाटत होतं की स्वतःचाच राग आला.

गल्ली भरली होती. कोणी खोकला म्हणत होतं, कोणी ताप, डास. कोणीतरी डेंगू म्हटलं तसे सगळे हसले आणि त्याच जोरात ओरडले, घेऊन जा गे मारबत. देवीदासही ओरडला. शिव शंभर पावलांवर राहिली होती. हातातल्या फांद्या गार होत्या आणि आत पावा होता तिथं पानं ओली झाली होती.

तेव्हा मागून मायचा आवाज आला. वीस वर्षांत वच्छलाबाईचा एवढा मोठा आवाज कोणी ऐकला नव्हता. ती उंबऱ्यावर उभी होती. तिनं आधी खोकल्याचं नाव घेतलं. गल्ली ओरडली. मग दम्याचं. गल्ली ओरडली. मग जे नाव बायकांनी घ्यायचं नसतं म्हणून तिनं लग्नापासून तोंडात आणलं नव्हतं, ते तिनं घेतलं.

"भिवाजीचा देवीदास," ती म्हणाली.

"घेऊन जा गे मारबत," सगळी गल्ली म्हणाली.

देवीदास वळला. बाजूचे लोक हसत पुढं चालले होते, कोणी काही ऐकलं नव्हतं. दारात माय उभी होती, सरळ, दोन्ही हात खाली सोडून. तिच्या लुगड्याचा पदर एका बाजूला ताणलेला होता. कमरेइतक्या उंचीवर तो कोणीतरी मुठीत धरला होता.

माय म्हणून हाक मारावी यासाठी त्यानं छाती भरून श्वास घ्यायला घेतला. हातातल्या पानांत पावा वाजला.